श्वास सावकाश सोडा



दिवसभर राबून तुम्ही इथे आला आहात. कुणाची लावणी चालू आहे, कुणाची खुरपणी. खाली बसताना कितीजणांच्या तोंडून 'आई गं' निघाले, ते आम्ही ऐकले. म्हणून आज दुखण्याविषयीच बोलू.

आधी आमची एक चूक सांगतो. भाताची लावणी संपली आणि आमच्या ओळखीच्या एका मावशींची कंबर धरली. आम्ही म्हणालो, "मावशी, महिनाभर पडून राहा. अजिबात हलू नका." सांगितले चांगल्या मनाने, पण चुकीचे सांगितले. पंधरा दिवसांनी गेलो, तर दुखणे वाढलेलेच. मावशी म्हणाल्या, "निजून निजून पाठ लाकडागत झाली बघा. कूस बदलायची म्हटलं तरी भ्या वाटतं." उशाशी गोळ्यांची पुडी होती. दुकानातून आणून त्या रोज दोन-तीन गोळ्या खात होत्या.

आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले. मोठा धोका काही नव्हता. त्या म्हणाल्या, "नुसतं पडून राहिलं की कंबर आखडते. हळूहळू हलायला लागा. आणि दुकानातल्या गोळ्या मनानं रोज खाऊ नका. त्यानं पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते." मावशींचे डोळे उघडले, आणि आमचेही.

असे का होते? पायात काटा रुतला की आपण काय करतो? दात आवळतो, दम धरतो, अंग चोरतो. कंबर दुखली तरी तेच करतो. काटा निघाला की अंग सैल होते. पण कंबर दिवसच्या दिवस दुखते, आणि अंग आवळलेलेच राहते. आवळलेले अंग आणखी दुखते. दुखले की भीती वाटते, भीतीने अंग पुन्हा आवळते. रहाट फिरावा तसे हे फिरत राहते.

काळजीचेही तसेच आहे. पाऊस लांबला, सोसायटीचा हप्ता थकला, की छाती धडधडते. श्वास वरच्यावर चालतो. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. झोप नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुखणे जास्त जाणवते.

मग हा रहाट थांबवायचा कसा? हृदयाला 'हळू चाल' म्हटले, तर ते ऐकत नाही. पण श्वास ऐकतो. तेवढी एक दोरी आपल्या हातात आहे. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तोच श्वास सावकाश सोडला, की नाडी जरा मंदावते आणि आवळलेले अंग सैल व्हायला मदत होते.

हा मंतर नव्हे. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था काढली. योगाच्या क्रियांनी शरीरात काय फरक पडतो, हे त्यांनी यंत्रे लावून, मोजून पाहिले. आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तक वाचले नव्हते. पण जात्यावर दळताना त्या ओवी म्हणत. ओवी म्हणायची, तर श्वास लांब सोडावाच लागतो. हात जात्याबरोबर फिरे आणि श्वास ओवीबरोबर चाले.

आता आपण करून पाहू. भिंतीला टेकून बसा. एक हात पोटावर ठेवा. तोंड मिटा. नाकाने श्वास घ्या, मनात चार अंक मोजा. पोट हाताखाली फुगू द्या. आता श्वास सोडा, सहा अंक मोजा. पोट खाली जाऊ द्या. खांदे सैल सोडा. पुन्हा घ्या, पुन्हा सोडा. अशी दहा वेळा करा. दम धरून ठेवू नका. जोर लावू नका. सहा अंक जमले नाहीत तर पाच मोजा. चक्कर आली, तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

हे जमले की हालचाल. घोंगडीवर उताणे निजा. गुडघे वर घ्या, पावले जमिनीला टेकलेली ठेवा. श्वास सोडत दोन्ही गुडघे हळूच उजवीकडे कलवा. श्वास घेत मध्ये आणा. मग डावीकडे. पाच-पाच वेळा पुरे.

दुसरी हालचाल मांजरीची. रांगत्या बाळासारखे हातांवर आणि गुडघ्यांवर या. श्वास सोडत पाठ वर उचला, झोपून उठलेली मांजरी उचलते तशी. श्वास घेत पाठ सावकाश खाली येऊ द्या.

हे करताना मन बाजारात नको. लक्ष पाठीत असू द्या. कुठे ताणले, कुठे सैल झाले, ते पाहा. कळ येईल त्याच्या अलीकडेच थांबा. उगीच शर्यत लावू नका.

कामातही हे विसरू नका. हंडा उचलताना गुडघे वाकवा, हंडा अंगाशी घ्या आणि उचलता उचलता श्वास सोडा. लावणीत वाकून काम करता, तेव्हा मधून मधून सरळ उभे राहा. दोन लांब श्वास सोडा आणि पुन्हा वाका. त्याने काम मागे पडत नाही.

कंबर आपलीच दुखते असे नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली कंबरेच्या जुन्या दुखण्यावर जे उपाय सुचवले, त्यांत व्यायाम आहे.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. श्वास हे सगळ्या दुखण्यांचे औषध नव्हे. छातीत दाबल्यासारखे दुखले, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर श्वास मोजत बसू नका. १०८ नंबरला फोन करा, दवाखाना गाठा. पाय बधिर झाले, लघवीवर ताबा राहिला नाही, कंबरदुखीबरोबर ताप आला, किंवा पडल्यावर कंबर दुखू लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. पोटुशी बाई असेल, हृदयाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि काळजीने जगणे नकोसे वाटू लागले, तर ते मनात दाबू नका. घरच्यांना सांगा, शेजाऱ्याला सांगा. १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येते. श्वासाने कर्ज फिटत नाही. पण मन जरा शांत झाले, की कर्जाचे काय करावे हे चार माणसांत बसून बोलता येते.

त्या मावशींचे पुढे काय झाले? कंबर साफ बरी झालेली नाही. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दुखतं अजून. पर आता मी दुखण्याला भीत न्हाई. पान्याला जाते, नातवाला उचलून घेते." गोळ्यांची पुडी उशाशी नव्हती.

आज रात्री निजण्याआधी दहा श्वास सावकाश सोडा. उद्या घरातल्या एकाला शिकवा. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा येऊ. तेव्हा कुणाला काय वाटले, ते तुम्ही सांगा, आम्ही ऐकू.

रामराम.