एक तरी रजिस्टर बंद करा



पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. सगळ्यांच्या तोंडी नाव 'वायसीएम'. 750 खाटांचं हे रुग्णालय. चाकण, खेड, मावळातूनही लोक इथंच येतात. प्रेसखाली बोटं सापडलेला कामगार, हायवेवरचा अपघात, पावसाळ्यात डेंग्यू. आणि प्रत्येक खाटेवरून एकच हाक: "सिस्टर!"

शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. कुठल्याही मोठ्या सरकारी वॉर्डात नाइटला डोकावा; हिशेब कुठं चुकतोय ते आपोआप कळेल.

अपुऱ्या माणसांत काम ओढताना सिस्टरना येणाऱ्या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं की हा आजार नव्हे, कामाच्या जागी साचलेल्या ताणाचा परिणाम आहे. मग सिस्टरच्या मोबाइलमध्ये ध्यानधारणेचं ॲप टाकून काय होणार? डबल ड्युटी करून आलेल्या बाईला 'दीर्घ श्वास घ्या' सांगणं ही थट्टाच झाली.

तंत्रज्ञान हवं ते लिखाण कमी करायला. ताप, नाडी, बीपी आधी तक्त्यावर, मग रजिस्टरमध्ये, मग पुन्हा कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर आला, पण रजिस्टर गेलं नाही. खाटेशेजारी टॅबवर एकदाच नोंद झाली आणि तीच हँडओव्हरला दिसली, तर ड्युटी संपल्यावर लिहीत बसायला नको. माझी कसोटी साधी: नवं सॉफ्टवेअर आलं, की कोणतं रजिस्टर बंद झालं ते विचारायचं.

दुसरी गोष्ट ड्युटी लिस्टची. आपल्या पट्ट्यात नवरा चाकणच्या कंपनीत, त्याची पाळी आठवड्याला बदलते, बायको रुग्णालयात. लिस्ट महिनाभर आधी फोनवर आली, अदलाबदल तिथंच मंजूर झाली, तर मुलांपाशी कोण थांबणार हे तरी ठरवता येईल. आणि ऑफच्या दिवशी वॉर्डचा व्हॉट्सॲप ग्रुप गप्प राहील, एवढं मेट्रनबाईंनी पाहावं. यंत्रानं माणसं वाढत नाहीत. रिकाम्या जागा भराव्याच लागतील.

पण आज रात्रीच कुणी मेटाकुटीला आलं असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. 2022 पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या: 14416. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.