बॉनेटवरचा एचपी आणि नांगरापर्यंत पोचणारा एचपी

 आज आपण ट्रॅक्टरविषयी बोलणार आहोत. या वेळेला रेडिओवर पापड-लोणचं, बचत-कर्ज असे विषय असतात, मग आज हे लोखंड कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. पण गटाची अवजार बँक करायची तर ट्रॅक्टरचा विषय निघतोच, आणि कर्जाच्या कागदावर सही आपलीच असते. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा बघायचा?" त्यापुढचं सगळं बोलणं सोबत आलेल्या दादांशी होतं. तो एचपी म्हणजे काय, हे आपल्यालाही कळलं पाहिजे.

एचपी म्हणजे अश्वशक्ती. पाऊण क्विंटलचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते, ती एक एचपी. आपली चांगली बैलजोडी दिवसभराच्या कामात साधारण एवढीच ताकद देते. म्हणजे ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला तर ४५ बैलजोड्या दारात आल्या का? तर नाही. ४५ हा आकडा इंजिनाचा आहे. इंजिनापासून कामापर्यंत पोचता पोचता त्यातले बरेच एचपी वाटेत सांडतात.

ते कसे सांडतात? गिरणी आठवा. मोटर एकीकडे, जातं दुसरीकडे, मधे पट्टा. पट्टा ढिला झाला की घसरतो, रबर जळाल्याचा वास येतो, जातं मंदावतं. मीटर मात्र फिरतच असतं. ट्रॅक्टरमध्ये पट्ट्याच्या जागी क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकाचा आस असतो. गिअरचे दाते एकमेकांवर घासतात, बेअरिंग घासतात, दाट तेल घुसळलं जातं. गेलेली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सजवळ हात नेलात तर ती उष्णता हाताला लागते.

चारचाकी गाडीतही हेच होतं. इंजिन १०० एचपीचं असलं तरी चाकं रोलरवर ठेवून मोजली तर साधारण ८५ ते ९० भरतात. जाहिरात १०० ची असते आणि ती खोटी नसते, कारण इंजिन तेवढं देतंच. गाडीत हे सहज खपून जातं. पंढरपूरला जायला दहा एचपी कमी पडले म्हणून कुणाचं अडत नाही. शेतात मात्र अडतं.

ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर आणि मळणी यंत्र त्याच्यावर चालतात. इंजिनाच्या ताकदीपैकी साधारण ८५ ते ९० टक्के ताकद तिथे पोचते. म्हणजे ४५ पैकी ३८ ते ४०. सहा बैलजोड्या तर गोठ्यातून बाहेरच आल्या नाहीत! नांगर ओढायचा असेल तर ताकद चाकांतून मातीवर जाते, आणि माती आणखी खाते. घट्ट रानात ओढायला साधारण २८ एचपी उरतात, अगदी भुसभुशीत रानात २१-२२ वर येतात. हे ढोबळ आकडे आहेत. टायर, वजन आणि रान बदललं की तेही बदलतात.

म्हणून रोटाव्हेटर घेताना "याला ४५ एचपी लागतो" असं कुणी म्हणालं की लगेच विचारायचं: इंजिनाचा की पीटीओचा? या एका प्रश्नावर सौदा फिरतो. अवजार पीटीओचे ४५ मागत असेल आणि आपल्या ट्रॅक्टरचे पीटीओचे ३९ असतील तर इंजिन दम खातं, धूर ओकतं, डिझेल जास्त पितं, आणि एकराचं भाडं परवडेनासं होतं. हप्ता मात्र दर महिन्याला यायचाच.

दात्यांची घासण आपल्याला थांबवता येत नाही. वेळेवर योग्य तेल बदललं म्हणजे तिथलं आपलं काम झालं. चाकाचं घसरणं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे. आपल्या परभणीकडची काळी माती पाऊस झाल्यावर चाकाला अशी चिकटते की टायर नुसता गोल गुळगुळीत होतो. वापसा यायच्या आत ट्रॅक्टर घातला तर चाक जागेवर फिरतं आणि डिझेल जळतं, शिवाय रानही दाबलं जातं.

चाक किती घसरतं, हे आपणच मोजू शकतो. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. नांगर वर उचलून ट्रॅक्टर त्याच रानात चालवायला सांगा आणि टायरचे दहा फेरे होतील तेवढं अंतर पावलांनी मोजा. समजा ६० पावलं भरली. मग नांगर जमिनीत घालून, गिअर तोच ठेवून, पुन्हा दहा फेरे मोजा. ५२ पावलं भरली तर आठ पावलं घसरण, म्हणजे साधारण १३ टक्के. दहा ते पंधरा टक्के चालतं. ४८ किंवा त्याहून कमी भरली तर मात्र डिझेलचा पाचवा हिस्सा तरी मातीत गेला असं समजा. तेव्हा टायरची नक्षी झिजली का, हवा बरोबर आहे का, मागच्या चाकावर वजन किंवा टायरमध्ये पाणी कमी आहे का, हे बघायचं. घसरण अगदीच नसेल तर तेही बरं नाही. तेव्हा ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन असतं आणि ते रान दाबतं. मोजताना चालत्या ट्रॅक्टरच्या बाजूने लांबून चाला, आणि पदर, ओढणी खोचून घ्या. फिरत्या पीटीओजवळ तर जायचंच नाही.

ड्रायव्हर ठेवाल तेव्हा त्याचा डावा पाय बघा. काहींना क्लचवर पाय ठेवूनच चालवायची सवय असते. क्लचची प्लेट अर्धवट घसरत राहते, गिरणीच्या ढिल्या पट्ट्यासारखी. त्या प्लेटचा खर्च गटाच्या वहीत येतो, ड्रायव्हरच्या नाही.

आता पीटीओचा खरा आकडा कुठे मिळतो? मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांची परीक्षण संस्था आहे. तिथे तपासलेल्या ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल असतो. विक्रेत्याकडे तो मागा. आपल्या कृषी विद्यापीठात १८ मेच्या वर्धापनदिनाला खरीप मेळावा भरतो, तिथे अवजारंही असतात आणि कृषी अभियांत्रिकीची माणसंही भेटतात. दोघी-तिघी मिळून जा. अहवाल इंग्रजीत असला तरी घाबरायचं नाही. गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या आणि पीटीओची ताकद लिहिलेलं पान शोधा. आकडा किलोवॅटमध्ये असेल तर त्याला १.३६ ने गुणायचं. २८ किलोवॅट असेल तर ३८ एचपी झाले. हा आकडा वहीत लिहून घ्या, आणि अवजाराच्या दुकानात जाताना ती वही सोबत न्या.