जुना रेडिओ आणि नवी गिटार



लोणार तालुक्यातले बीबी हे आमचे गाव. एके दिवशी संध्याकाळी अकरावीतला एक विद्यार्थी घरी आला. एका हातात गिटार, काखेत आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ. म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यातून गिटार वाजते, पण आवाज लहान येतो. मोठा करून देता का?"

जुन्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे असत. त्यांतच पोराने गिटारीची वायर खोचली होती. डोके चालवले होते, हे कबूल केलेच पाहिजे. मग तो सहज बोलून गेला, "पाऊस पडला की तारा हाताला झोंबतात."

मी गिटार खाली ठेवायला लावली. रेडिओ चालू करून टेस्टर गिटारीच्या तारेला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. प्लग उलटा फिरवून लावला, दिवा विझला. म्हणजे आठवडाभर हा मुलगा निम्म्या वेळी २३० व्होल्टची तार बोटांनी छेडत होता. रबरी चप्पल घालून वाजवत होता म्हणून निभावले. त्यांच्या घरातली खालची जमीन शेणाने सारवलेली आहे. अनवाणी, ओल्या सारवणावर उभा असता तर काय झाले असते, ते मी त्याच्या आईला सांगितले नाही. त्याला मात्र सांगितले.

हे कसे घडले, ते शिक्षकबंधूंनी वर्गात समजावून सांगण्यासारखे आहे. ज्या गावांत डी. सी. वीज होती तिथेही चालावेत म्हणून काही सेट ट्रान्सफॉर्मरशिवाय बनवत. त्यांना एसी-डीसी सेट म्हणत. त्यांत विजेची एक तार सरळ आतल्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चासीला, जोडलेली असते. रेडिओ म्हणून त्यात धोका थोडा. पेटी लाकडाची, बटणे बॅकेलाइटची, चासीला कोणाचा हात लागत नाही. पण गिटारीची वायर जोडली की चासी पेटीबाहेर येते. वायरीवरचे जाळीदार वेष्टन चासीला जोडलेले आणि गिटारीच्या तारा त्या वेष्टनाला जोडलेल्या. चासीत वीज तर तारांत वीज.

तेव्हा असा सेट ओळखावा कसा? व्हॉल्व्हच्या काचेवरचे नाव वाचावे. युरोपी पद्धतीच्या नावांत त्या व्हॉल्व्हची कुंडलीच असते. पहिले अक्षर ई असेल तर त्याची तापतार ६.३ व्होल्टवर चालते. पहिले अक्षर यू असेल तर सगळ्या तापतारा दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारख्या एकामागे एक जोडून विजेवर लावलेल्या असतात. यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी नावे दिसली की गिटारीसाठी तो सेट हातात धरू नये. काही सेटांत ट्रान्सफॉर्मर दिसतो, पण तो एकाच वेटोळ्याचा असतो आणि त्याने संरक्षण मिळत नाही. म्हणून प्लग भिंतीतून काढून, सेटचे बटण चालू ठेवून, प्लगच्या दोन्ही पिना आणि चासी यांच्यामध्ये मीटर लावून पाहावे. काटा हलला तर सेट परत करावा. विकणारा "चालतो हो, काही होत नाही" म्हणेल. म्हणू द्यावे.

आता कोणी विचारील की एवढी यातायात कशाला? ट्रान्झिस्टरचा लहान ॲम्प्लिफायर घ्यावा, स्वस्तही पडतो. खरे आहे. नुकता शिकू लागलेल्याने तोच घ्यावा, असे माझे मत आहे. व्हॉल्व्हची गोडी वेगळी. आवाज त्याच्या ताकदीपलीकडे नेला तर तो एकदम फाटत नाही, हळूहळू जाडसर होत जातो. गिटार वाजवणाऱ्यांना तोच आवाज हवा असतो, आणि तो घरातल्या घरात मिळायचा तर यंत्र लहानच पाहिजे. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा पन्नाशीच्या दशकातला 'चॅम्प' हा त्यातला नावाजलेला. त्यात होते काय? आवाज वाढवणारा एक छोटा व्हॉल्व्ह, स्पीकर हलवणारा एक ६ व्ही ६, वीज सरळ करणारा एक आणि आठ इंची स्पीकर. ताकद सुमारे ५ वॉट. आपल्या जुन्या रेडिओचा मागचा अर्धा भाग याहून फार वेगळा नसतो!

वॉटच्या आकड्यालाही भुलू नये. ५ वॉटचे १० केले तर कानाला दुप्पट लागत नाही, थोडेसेच वाढलेले जाणवते. उलट चार इंची स्पीकर काढून आठ किंवा दहा इंची चांगला, तितक्याच ओहमचा स्पीकर वेगळ्या लाकडी खोक्यात बसवला, तर तेच यंत्र ओळखू येणार नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुधारणा ती हीच. व्हॉल्व्ह बदलत बसणाऱ्यांचे पैसे बहुधा वाया जातात. मात्र स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचे यंत्र चालू करू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून जळतो आणि तो मिळवायला पुढे वणवण करावी लागते.

आमच्या त्या मुलाला त्याच्या मामांकडे मेहकरला दुसरा सेट मिळाला. आत भरभक्कम ट्रान्सफॉर्मर, ईसीएल ८२ आणि ईझेड ८०. मीटरचा काटा हलला नाही. काम सुरू केले, पण प्लग काढल्यावर लगेच आत हात घातला नाही. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मोठे कंडेन्सर तो बराच वेळ धरून ठेवतात. ५ वॉटचा दहा हजार ओहमचा रोधक लावून ते रिकामे केले, मीटरने खात्री केली, मगच कथील आणि डागणी हाती घेतली.

पहिल्यांदा दोन तारांची वायर काढून तीन तारांची घातली, हिरवी तार चासीला बोल्टने घट्ट केली, आणि फ्यूज बसवला. मग गुणगुण. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, सरळ केल्यावर उरणारी गुणगुण १०० ची. ती जाड ऐकू आली की विजेचे मोठे कंडेन्सर सुकले असे समजावे. ते नवे घातले. दोन व्हॉल्व्हच्या मधला कागदी कंडेन्सर तर न तपासताच बदलला. तो गळू लागला की पुढचा व्हॉल्व्ह आतून लालबुंद होतो. नवा घेताना ४०० व्होल्टचा किंवा त्याहून वरचा घ्यावा. गिटारीचा आवाज ग्रामोफोनपेक्षा बारीक, म्हणून पुढे ईसीसी ८३ ची आणखी एक पायरी जोडली. हे व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, त्यामुळे अडले नाही. ट्रान्सफॉर्मरवर २००, २२०, २४० असे खुंटे होते. आमच्याकडे शेतातले पंप बंद झाले की रात्री दाब चढतो, म्हणून २४० वर लावून दिले.

आणि मग भिंतीकडे पाहिले. तिसरे छिद्र होते, आत तार नव्हती! गावाकडे अशी घरे थोडी नाहीत. हिरवी तार जमिनीपर्यंत पोचलीच नाही तर ती नुसती शोभेची. वायरमनला बोलावून अंगणात खड्डा खणला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ घातले. मीटरच्या फळीवर ३० मिलिअँपिअरवर तुटणारा स्विचही बसवून घेतला. सबंध कामात सर्वांत जास्त खर्च या दोन गोष्टींवर झाला, आणि गिटारीच्या आवाजात त्याने काडीचाही फरक पडला नाही. मुलाचे वडील जरा नाराज झाले. पण त्याच घरात पाण्याची मोटर आहे, इस्त्री आहे, कूलर आहे. ते हिशेबात धरल्यावर गप्प बसले.

आता रोज तिन्हीसांजेला त्या घरातून गिटार ऐकू येते. आजोबांनी आपला पहिला रेडिओ परत मागून घेतला. मागची दोन छिद्रे चिकटपट्टीने बंद करून मी तो त्यांच्या स्वाधीन केला आहे.