खाड्याचे पैसे कोण देणार?

 टोकावड्याहून आम्ही बोलतोय. आजचं बोलणं आहे दुसऱ्याच्या घरी जाऊन दिव्यांग माणसाची देखभाल करणाऱ्या बायकांसाठी. आपल्यातल्या कुणी मुरबाड-सरळगावात हे काम करतात. कुणी सकाळची एसटी धरून कल्याण, उल्हासनगरला जातात. शहापूरकडच्या बाया आसनगावला लोकल पकडतात. कुणाकडे अर्धांगवायूनं पडलेले आजोबा असतात, कुणाकडे चालता न येणारं पोर. उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, संडास-लघवीचं बघायचं. याला लोक 'नुसतं बसून राहायचं काम' म्हणतात. ज्यांनी साठ-सत्तर किलोचं माणूस खाटेवरून खुर्चीत बसवलंय, त्यांच्या कमरेला विचारा.

या कामाला ना हजेरीपट, ना फंड, ना पगारी रजा. पैसे हातात मिळतात, आणि गेलो तरच मिळतात. ताप आला, खाडा. एसटी चुकली, खाडा. कंबर धरली तर पंधरा दिवस खाडा. आणि या धंद्यातला एक खाडा दुसऱ्या कुठल्या कामात नाही: ज्या माणसाची आपण सेवा करतो ते माणूस दवाखान्यात भरती झालं, नाहीतर वारलं, तर आपण धडधाकट असूनही त्याच दिवशी आपली मिळकत बंद होते. त्या घरात दुःख असतं, आपण पैशाचं बोलू शकत नाही. गुपचूप घरी येतो.

विम्याचं नाव काढलं की बाया म्हणतात, 'आमच्याकडे कार्ड आहे ना!' म्हणून आधी हे सरळ करू, की कुठल्या कार्डावर काय मिळतं. आपल्यावर येणारी संकटं चार पेट्यांत घाला. पहिली पेटी मरणाची, दुसरी अपघातात हात-पाय-डोळा जाण्याची, तिसरी दवाखान्याच्या बिलाची, चौथी खाड्याची.

पहिल्या पेटीसाठी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना आहे. वर्षाला ४३६ रुपये. वय १८ ते ५० असताना नाव घालायचं, मग हप्ता भरत राहिलं तर ५५ वर्षांपर्यंत विमा चालतो. मरण कुठल्याही कारणानं आलं तरी वारसाला २ लाख मिळतात. फक्त नाव घातल्यापासून पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय मरण आलं तर पैसे मिळत नाहीत. म्हणून आजारपण आल्यावर धावू नये, आधीच नाव घालावं.

दुसऱ्या पेटीसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला फक्त २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मरण आलं, किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. आता नीट ऐका. हात मोडला, प्लास्टर लागलं, दोन महिन्यांनी बरा झाला, तर या योजनेत एक रुपयाही मिळत नाही. दवाखान्याचा खर्चही मिळत नाही.

आपल्या भागासाठी या योजनेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साप चावून मरण आलं, झाडावरून पडून आलं, तरी तो अपघातच धरतात. रस्त्यावरच्या अपघाताला पोलिसांचा कागद लागतो. साप चावल्यावर किंवा झाडावरून पडल्यावर दवाखान्याची नोंद पुरावा म्हणून चालते. म्हणजे माणसाला दवाखान्यात नेलंच पाहिजे, आणि केसपेपरवर 'सर्पदंश' असं लिहून घेतलंच पाहिजे. भगताकडे वेळ घालवला तर जीवही जातो आणि कागदही राहत नाही.

दोन्ही विमे बँकेत किंवा पोस्टात, जिथं आपलं बचत खातं आहे तिथं एक फॉर्म भरून मिळतात. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यातून पैसे आपोआप कापले जातात. दोन्हींचे मिळून ४५६ रुपये. इथंच आपल्या बायकांचं अडतं. खात्यात पैसे आले की आपण सगळे काढून घेतो. मे अखेर खात्यात ४५६ रुपये नसले तर हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो, आणि आपल्याला कुणी सांगायला येत नाही. म्हणून जूनमध्ये पासबुक भरून घ्या आणि दोन्ही हप्त्यांच्या नोंदी दिसतात का ते बघा. दोन बँकांत नाव घातलं म्हणून दुप्पट पैसे मिळत नाहीत, विमा एकाच खात्यावरचा धरतात. आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. ज्या विम्याची घरात कुणाला खबर नाही, तो मागायला कोण जाणार? मागणीचा फॉर्म शक्यतो ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

तिसरी पेटी दवाखान्याच्या बिलाची. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही योजनेत नाव असलेल्या दवाखान्यातच. राज्य सरकारनं २०२३ साली ही योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली करायचं ठरवलं. अशा दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो. भरती होण्याआधी त्याच्याकडे जायचं. आपला आजार योजनेत बसतो का, हे त्यालाच विचारायचं. फोनवर विचारायचं तर १५५३८८ हा नंबर आहे. ही योजना भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. कंबरेच्या दुखण्यावर बाहेरून आणलेल्या गोळ्या-मलमाचं बिल त्यात येत नाही.

ई-श्रम कार्डाचंही सांगून टाकू. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ही नोंदणी सुरू झाली. वय १६ ते ५९ असलेल्या असंघटित कामगारांसाठी ती आहे. ती जरूर करा. आपण काय काम करतो हे तिथं सरकारदरबारी लिहिलं जातं, आणि पुढं काही योजना आली तर आपलं नाव यादीत असतं. पण ते कार्ड पेटीत ठेवलं म्हणजे विमा काढला असं होत नाही. ते ओळखपत्र आहे. विमा वरच्या दोन योजनांतूनच काढावा लागतो.

आता चौथी पेटी उघडू. खाडा. इथं काय आहे? बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या वेळी ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. बाळंतपणात बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई, असं सरकार स्वतःच तिच्याबद्दल म्हणतं. म्हणजे बाईची मजुरी बुडते हे सरकारला कळतं. पण कंबर धरली, मलेरिया झाला, रुग्ण वारला, तर या पेटीत हात घालून बघा. रिकामी.

हे दुखणं एकट्या आपलं नाही. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांची संघटना उभी केली. भाजीवाल्या, बिडीवाल्या, कागद वेचणाऱ्या. त्यांनाही हाच अनुभव. बाई आजारी पडली की दवाखान्याचं बिल एकीकडे आणि बुडालेली मजुरी दुसरीकडे. १९९२ मध्ये त्यांनी आपल्या बायकांसाठी विम्याचं काम सुरू केलं. अलीकडे त्यांनी उन्हाच्या खाड्याचाही विमा केला. उष्णता ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की बाईच्या खात्यात थोडे पैसे जमा होतात, दवाखान्याचा कागद मागत नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्याही काही बायका त्यात होत्या. सांगायचं एवढंच, की खाडा हे नुकसान आहे, ते मोजता येतं आणि भरूनही देता येतं. पण बायका एकत्र आल्या तेव्हाच ते झालं.

मग आपण काय करायचं? आमच्या मते तीन गोष्टी.

पहिली, कामाला लागतानाच बोलून घ्यायचं. रुग्ण बरा असताना, घरचे खुशीत असताना. एका वहीत लिहायचं: रोज किती तास, महिन्याचे किती, महिन्यात किती सुट्ट्या पगारी. रुग्ण दवाखान्यात गेला तर त्या दिवसांचे अर्धे तरी पैसे मिळणार का. काम अचानक बंद झालं तर पंधरा दिवसांचे पैसे देणार का. अवघड वाटतं, जीभ रेटत नाही. पण 'आजोबा गेले तर' असं म्हणायचं कारण नाही. 'काम थांबलं तर' एवढं म्हटलं की पुरतं. सगळी घरं मान्य करणार नाहीत. पण एका गावातल्या पाच-सहा बाया सारखंच मागायला लागल्या, की तोच रिवाज होतो. मजुरीचा दर असाच ठरत आलाय.

दुसरी गोष्ट आपल्या अंगाची. माणूस उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, माणूस छातीशी धरायचा. जड माणूस एकटीनं उचलायचा नाही. घरातल्या कुणाला तरी हाक मारायची, हेही वहीत लिहून घ्यायचं. खाटेवर सरकवायचं असेल तर अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघींनी चादर ओढायची. कंबर गेली तर आपलं भांडवलच गेलं.

तिसरी आणि मोठी गोष्ट, गटाचा खाडा-निधी. तुम्ही म्हणाल, गटातून कर्ज मिळतंच की. मिळतं. पण अंथरुणावर पडलेल्या बाईला कर्ज दिलं, की ती उठते तेव्हा मजुरी बुडालेली असते आणि वर व्याज चढलेलं असतं. खाडा-निधी कर्ज नाही. तो परत करायचा नसतो.

हिशेब बघा. या कामातल्या २० बाया एकत्र आल्या, प्रत्येकीनं महिन्याला ५० रुपये वेगळे काढले. महिन्याचे झाले १ हजार, वर्षाचे १२ हजार. नियम असा केला, की बाई आजारी पडली किंवा तिचं काम अचानक सुटलं, तर पहिले ३ दिवस तिचे तिनं सोसायचे, चौथ्या दिवसापासून रोज २०० रुपये, जास्तीत जास्त १५ दिवस. म्हणजे एका बाईला वर्षाला फार तर ३ हजार. १२ हजारांत चार बायांना पूर्ण मदत होते, किंवा आठ जणींना आठवडाभराची. पहिले सहा महिने फक्त जमा करायचं, काही वाटायचं नाही. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात निधी आटतो.

काही पथ्यं पाळायची. हा पैसा गटाच्या बचतीत मिसळायचा नाही, त्याची वही वेगळी, खातंही जमेल तर वेगळं. मागणी आली तर तीन जणींनी घरी जाऊन बघायचं, आणि त्यात मागणारीची सख्खी जाऊ-नणंद नको. पैसे आठवड्याच्या आत द्यायचे, कारण महिन्यानं मिळालेल्या पैशानं चूल पेटत नाही. निधी संपला तर संपला असं बैठकीत सांगायचं, खोटा शब्द द्यायचा नाही. आणि याला विमा म्हणायचं नाही. विमा विकायला परवाना लागतो. आपला हा आपसातला मदतनिधी. ग्रामसंघाकडे अडचणीतल्या कुटुंबांसाठी पैसा असेल तर तिथंही हा विषय मांडा.

एक मागणी सरकारकडेही आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. ज्या माणसाला सतत आधार लागतो, त्याला देखभाल करणाऱ्यासाठी भत्ता मिळावा, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. म्हणजे आपलं काम हे काम आहे, हे कायद्यानं मान्य केलंय. तो भत्ता घरापर्यंत आला तर गरीब घरालाही बाई ठेवता येईल आणि बाईलाही धड पैसे मिळतील. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, ते पैसे कशावर गेले, आणि देखभालीसाठी त्यातलं काही देता येईल का. दिव्यांग माणसाच्या घरच्यांना बरोबर घेऊन विचारा. त्यांचं आणि आपलं गाऱ्हाणं एकच आहे.

तेव्हा बायांनो, या आठवड्यात एवढं करा. पासबुक घेऊन बँकेत जा, दोन्ही हप्ते चालू आहेत का बघा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा, नाहीतर दवाखान्यात ऐनवेळी अडतं. आणि गटाच्या बैठकीत हा खाड्याचा प्रश्न काढा. आपण दुसऱ्याचं माणूस पडू नये म्हणून दिवसभर हात धरून उभ्या असतो. आपला हात धरायला आपल्याच बायका लागतील.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.