निवड आपली, समाधान कुणाचे?



माणूस नेहमी स्वतःला जास्तीत जास्त समाधान मिळेल तेच निवडतो, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. कृषी महाविद्यालयात आम्हीही ते पाठ केले. हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञाने मात्र पुस्तक बाजूला ठेवून शेतकऱ्यांनाच विचारले. इक्रिसॅटच्या कामात, सत्तरच्या दशकात, आपल्या सोलापूर-अकोल्याकडच्या गावांतही.

प्रयोग साधा होता. खरे नाणे, खरे पैसे. एक निवड अशी की छापा पडो वा काटा, ५० रुपये नक्की. दुसऱ्या टोकाला, एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला २००. मधे ३० किंवा १५० अशा पायऱ्या. सरासरी काढा. दोनशेवाली निवड १०० रुपयांची, ३०-१५० वाली ९० ची. तरीही रक्कम मोठी झाली तेव्हा बहुतेकांनी मधलीच पायरी धरली.

दहा रुपये सोडले, मग हे अडाणी? ज्याच्या कणगीत वर्षाची ज्वारी नाही, त्याचे पहिले तीस रुपये आणि शेवटचे तीस रुपये सारखे नसतात. पहिल्यात चूल पेटते. आपण कपाशीसोबत थोडी ज्वारी पेरतो ती याच हिशेबाने. पावसाने दडी मारली तर माणसाला दाणा, बैलाला कडबा. सरासरी खाऊन कुणी जगत नाही.

निबंध १९८० साली छापून आला. त्यात आम्हाला मोलाची वाटते ती गोष्ट पुढेच आहे: मोठ्या रकमेवर श्रीमंत आणि गरिबाच्या धाडसात फारसा फरक निघाला नाही. म्हणजे कोरडवाहूवाला खताला हात आखडता घेतो तो जन्मजात भित्रा म्हणून नव्हे. त्याची पत वेगळी, खिसा वेगळा. (शेतकऱ्याची मानसिकता बदला म्हणून किती शिबिरे झाली, देव जाणे!)

पण आपली प्रत्येक निवड शहाणपणाची, असेही आम्ही म्हणणार नाही. ग्लेन स्टोन या अमेरिकन अभ्यासकाने २००७ साली वरंगळच्या कापूसवाल्यांबद्दल लिहिले. एका गावात सगळे एकाच वाणामागे, शेजारच्या गावात त्याला कुणी विचारत नाही, आणि थोड्याच हंगामांत ते वाणही मागे पडते. पारखायला सवडच नाही. आई ज्वारीची कणसे निवडून बियाण्याला ठेवायची, त्यात कित्येक हंगामांची पारख होती. पाकिटात काय पारखणार? शेजाऱ्याने घेतले म्हणून घेतले, तर ती निवड आपली की दुकानदाराची?

यंदा नवे वाण घ्याल तर चार तासांपुरतेच घ्या, बाकी रान ओळखीच्या वाणाखाली ठेवा. दोन्हींच्या फवारण्या आणि वेचणीचे किलो वहीत लिहा. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या, आम्ही आमचीही आणू.