काका बॅप्टिस्टा यांची वकिली
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



ज्यांच्याविषयी आज चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे, ते गृहस्थ आपल्या बीड जिल्ह्याचे नव्हेत. त्यांच्या हयातीत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि ते मुंबईच्या माझगावचे रहिवासी होते. परंतु धर्माने ते आपले होते. आणि ज्या कामी त्यांनी आपली विद्या वेचली, ते काम आपल्या जिल्ह्याच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. ते गृहस्थ म्हणजे बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा.

त्यांचा जन्म 17 मार्च 1864 रोजी झाला. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी सरकारी जंगल खात्यात नोकरी धरली. तीत राहून त्यांना सुखाने पेन्शन घेता आले असते. तथापि ती सोडून ते केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईस त्यांनी वकिली केली, कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकविले. 1910 साली सावरकरांवर खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते.

अशा वकिलाचे मन केवळ अशिलाच्या कागदांत रमणारे नव्हते. आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि तोच मार्ग हिंदुस्थानास योग्य आहे, असे ते लो. टिळकांस सांगत. 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा व चिटणीस न. चिं. केळकर झाले. यातील मर्म ध्यानी घ्यावे. टिळकांच्या संघाचे अध्यक्षपद एका कॅथलिक गृहस्थाकडे आले, ते त्यांनी आपल्या लहानशा समाजासाठी काही मागितले म्हणून नव्हे, तर सर्वांचे मागणे स्वतःचे मानले म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडात जाऊन तेथील मजूर पक्षाच्या लोकांपुढे स्वराज्याची बाजू मांडली.

लेखणीचे सामर्थ्यही ते जाणून होते. नव्या पक्षासाठी इंग्रजी दैनिक काढावे व त्याचे संपादकत्व अरविंद घोष यांनी घ्यावे, अशी विनंती त्यांनी पाँडिचेरीस पत्राने केली. 5 जानेवारी 1920 च्या उत्तरात अरविंदांनी ती आदरपूर्वक नाकारली.

त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते, आणि ती सभा भरविणाऱ्यांत बॅप्टिस्टा अग्रभागी होते. तेव्हा कामगार संघास कायद्याचा आधार नव्हता. मद्रासेत एका गिरणी कंपनीने कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर दावा लावून हायकोर्टाचा मनाईहुकूम मिळविला होता. कामगारांस संप करण्याची चिथावणी देणे हाच त्यांचा अपराध! पुढे 1926 चा कायदा झाला. त्याने कोणत्याही 7 जणांस संघाच्या नोंदणीसाठी अर्ज करता येऊ लागला आणि नोंदलेल्या संघास अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले. दरम्यान, 1925 साली बॅप्टिस्टा मुंबईचे महापौर झाले. 1930 साली ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, हे सारे मी येथे का सांगत आहे? दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावोगावची घरे ओस पडतात. नवरा-बायकोचा कोयता मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातो, मुले शाळा सोडून पाठोपाठ जातात. उचल किती, फिटली किती, राहिली किती, हे मुकादमाच्या वहीत असते आणि ती वही वाचणारा कोयत्याच्या बाजूस बहुधा कोणी नसतो.

आज आपल्या धर्मग्रामातील मुले शिकली आहेत. प्रत्येकास बॅरिस्टर होता येणार नाही. परंतु हंगामास निघण्यापूर्वी शेजाऱ्याचा करार वाचून दाखविणे आणि परतल्यावर, त्याचा धर्म वा जात न विचारता, त्याच्याबरोबर बसून हिशेब तपासणे, एवढी वकिली आपल्यापैकी कोणासही करता येईल. ती या महोत्सवाच्या वर्षी सुरू व्हावी, इतकीच माझी विनंती आहे.