जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या वेळापत्रकात माझ्या नावापुढे ‘लिनक्स’ हा शब्द पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, “हे कुठलं नवीन औषध?” म्हणून आधीच सांगते, मी इंजिनियर नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला केस-वर्क शिकवलं, ग्रुप-वर्क शिकवलं. कॉम्प्युटर बिघडला तर दुकानात न्यायचा, एवढंच मला माहीत होतं. गेल्या काही महिन्यांत घरातला एक जुना कॉम्प्युटर मी स्वतः वापरात आणला. त्यात एक मोठी चूकही केली. त्या चुकीतून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडावं, म्हणून उभी आहे.

आमच्या घरातला कॉम्प्युटर २०१० सालचा. दिराच्या इंजिनियरिंगसाठी घेतलेला. पुढे त्याला नोकरी लागली, लॅपटॉप आला आणि हे यंत्र बाहेरच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली बसून राहिलं. त्याची धूळ मी पुसायची. पासवर्ड मात्र दिराचा. तुमच्यापैकी किती जणींच्या घरी असंच आहे, हात वर करायला सांगत नाही. पण मनात मोजून पाहा.

मला रात्री घरी बसून केंद्राचे अहवाल लिहायला कॉम्प्युटर हवा होता. दुकानदार म्हणाला, “मॅडम, भंगारात द्या.” त्याचंही काही खोटं नव्हतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही अटींवर थोडी वाढीव मुदत मिळाली, एवढंच. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात रॅम २ जीबी. म्हणजे पडदा दिसतोय, कळफलक चालतोय, पण कंपनीच्या लेखी यंत्र संपलं. ‘उपयोग संपला’ हा शिक्का वस्तूंवर कोण मारतं आणि बायांवर कोण मारतं, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. तेव्हा मी जरा हट्टाला पेटले.

केंद्रात स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने लिनक्सचं नाव काढलं. मला समजलं ते असं. कॉम्प्युटरचं यंत्र आणि आपले कार्यक्रम यांच्यामध्ये जो गाभा काम करतो, तो लिनक्स. हेलसिंकीत शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याच्या आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. त्यांचं म्हणणं असं की, कार्यक्रम हवा तसा वापरण्याचं, तो कसा चालतो हे पाहण्याचं, त्यात बदल करण्याचं आणि तो दुसऱ्याला देण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला हवं. हे दोन्ही एकत्र आले आणि त्याभोवती ठिकठिकाणच्या गटांनी आपापले संच तयार केले. अशा संचाला डिस्ट्रिब्युशन किंवा नुसतं डिस्ट्रो म्हणतात. गोडा मसाला घरोघरी असतो, पण प्रत्येक घरचा वेगळा, तसंच हे. डेबियन हा त्यातला एक जुना आणि मोठा संच, १९९३ मधला. तो सुरू करणाऱ्या इयान मर्डॉक यांनी मैत्रीण डेब्रा हिचं नाव आधी आणि आपलं नंतर जोडून ‘डेबियन’ केलं. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं!

हलका डिस्ट्रो म्हणजे कमी दर्जाचा नव्हे. पडद्यावरची सजावट आणि मागे गुपचूप चालणारी कामं कमी केलेली असतात, म्हणून जुन्या यंत्राला तो झेपतो. असे पुष्कळ आहेत. मी तीन तपासले: लिनक्स मिंटचा एक्सएफसीई प्रकार, लुबुंटू आणि अँटीएक्स.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि ती आपल्याला फार उपयोगाची आहे. डिस्ट्रोची फाइल उतरवून घ्यायची, ती खास कार्यक्रमाने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही. मग कॉम्प्युटर चालू करताना एफ-१२ किंवा त्या यंत्रात नेमलेलं बटण दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या हार्ड डिस्कला धक्काही लागत नाही. नाही आवडलं तर बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, सगळं पूर्वीसारखं.

मी केस-स्टडी लिहितात तशी वही घातली. चालू व्हायला किती वेळ, नुसतं उभं असताना रॅम किती खातं, आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, मराठी लिहिता येतं का. माझ्या यंत्रावर मिंटने सुरुवातीलाच ७०० एमबीच्या वर रॅम घेतली, लुबुंटूने त्याहून थोडी कमी, अँटीएक्सने २०० च्या आसपास. पण लगेच हुरळून जाऊ नका. ब्राउझर उघडून चार पानं लावली की अँटीएक्सही धापा टाकायला लागला. डिस्ट्रो हलका असला तरी इंटरनेटवरची पानं हलकी होत नाहीत. शेवटी जुन्या बाजारातून आणखी २ जीबी रॅम आणून बसवली आणि एका वेळी दोनच पानं उघडायची सवय लावली. आमचा जुना प्रिंटर मात्र कशावरच चालला नाही. त्याला लागणारा कार्यक्रम लिनक्ससाठी मला कुठे मिळाला नाही.

आता माझी चूक.

दिराला फोन करून पासवर्ड विचारला. तो म्हणाला, “वहिनी, आता कुठला आठवतोय?” मी म्हटलं, काही हरकत नाही. पेन ड्राइव्हवरून अँटीएक्स सुरू केला आणि त्यातून आतली हार्ड डिस्क सरळ उघडली. पासवर्ड न लागता! दिराला विचारलं, काय ठेवायचं? त्याने कॉलेजचे फोटो सांगितले. नवऱ्याला विचारलं, त्याने विम्याची कागदपत्रं सांगितली. ते सगळं बाजूला कॉपी केलं आणि ‘पूर्ण डिस्क पुसून बसवा’ या पर्यायावर बोट ठेवलं. अर्ध्या तासात नवं कोरं यंत्र तयार. मी खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर सासूबाई त्याच्यासमोर बसलेल्या. म्हणाल्या, “अगं, माझी भिशी कुठे गेली?”

सासूबाईंची गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. तिचा नऊ वर्षांचा हिशेब त्या कॉम्प्युटरवर होता. दिराने कधीतरी तक्ता करून दिला होता आणि दुपारी आम्ही सगळे बाहेर असताना त्या एकेका बोटाने आकडे भरत होत्या. आणि पासवर्ड? तो त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. दिराला आठवत नव्हता, मला ठाऊक नव्हता आणि त्यांच्याकडे लिहिलेला होता.

मी म्हटलं, “आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!” त्या म्हणाल्या, “तू कुठे विचारलंस? दोघांना विचारलंस ना फोन करून.”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. वस्तीत सर्वेक्षणाला गेलं की आपण मुलींना बजावतो, घरातल्या कर्त्या पुरुषाशी बोलून निघून येऊ नका, बाईला विचारा. आणि मी माझ्याच घरात काय केलं? पासष्ट वर्षांच्या बाईला कॉम्प्युटर कशाला लागेल, हे मी न विचारताच ठरवून टाकलं. तो पुरुषांनी नव्हे, मी ठरवलं.

पुसलेल्या डिस्कवरून फायली शोधून काढणारा फोटोरेक नावाचा कार्यक्रम आहे. अट अशी की पुसल्यावर त्या डिस्कवर नवं काही लिहू नये. आम्ही तिला हात न लावता पेन ड्राइव्हवरून तो चालवला. हजारो फायली निघाल्या, कुणालाच नाव नाही. त्यात भिशीचे दोन तक्ते सापडले, तेही जुने. बाकीचा हिशेब भिशीतल्या बायकांच्या वह्यांवरून परत जुळवला. तीन रविवार आमच्या घरी दहा-बारा जणी बसल्या. त्या रविवारी स्वयंपाक नवऱ्याने केला, हेही नोंदवून ठेवते.

मग यंत्र पुन्हा लावलं, ते मात्र आईंना शेजारी बसवून. अक्षरं किती मोठी हवीत? पडद्यावर काय काय हवं? त्यांना तीनच चित्रं हवी होती: हिशेब, भजनं आणि बंद करायचं बटण. बाकी सगळं काढून टाकलं. मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक असतो आणि इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून चालणारा कगप नावाचाही असतो. आईंना इंग्रजी कळांशी झगडायचं नव्हतं. आम्ही इन्स्क्रिप्ट लावला आणि कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. लिबरऑफिसचे मेनू मराठीत करता येतात. काही वाक्यं इंग्रजीच राहतात, पण काम अडत नाही. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड केला. एकाचा फोल्डर दुसऱ्याला उघडू नये अशी परवानगीही घातली.

केंद्राच्या कॉम्प्युटरकडे आम्ही वळलो ते यानंतर. तिथे ४ जीबी रॅम आहे, म्हणून मिंट बसवला. त्यावर आपल्याकडे आलेल्या बायांच्या नोंदी असतात, कौटुंबिक हिंसाचाराच्या घटनेचे अहवाल असतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या पेन ड्राइव्हने मी दिराच्या पासवर्डशिवाय डिस्क उघडली, त्याच पेन ड्राइव्हने आपली डिस्कही कुणीही उघडू शकतो. खात्याचा पासवर्ड म्हणजे दाराची कडी, भिंत नव्हे. म्हणून तिथे बसवतानाच पूर्ण डिस्क कुलूपबंद केली. याला एन्क्रिप्शन म्हणतात. हा परवलीचा शब्द विसरला तर मात्र कुणीच काही काढून देऊ शकत नाही. म्हणून तो दोघींकडे ठेवला आहे आणि नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या, तशाच कुलूपबंद डिस्कवर. जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत होत्या, त्या नव्या यंत्रावर अगम्य दिसायला लागल्या. त्या रूपांतर करून तपासण्याचं काम अजून चालू आहे. घाईने जुनं पुसायचं नाही, हे मी आता शिकले आहे!

एकदा एका बाईने केंद्रात विचारलं, घरचा कॉम्प्युटर नवरा कुलूप घालून ठेवतो, मला पेन ड्राइव्ह देता का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घरातल्या ज्या साधनांवर बाईचा हक्क आहे ती वापरायला मज्जाव करणं हा आर्थिक छळात मोडतो, हे आपण तिला सांगितलं. पेन ड्राइव्ह मात्र दिला नाही. तो डिस्कवर खूण ठेवत नाही हे खरं, पण तो त्याच्या हाती सापडला तर? काम सुरू असताना तो दारात आला तर? तिचा अर्ज तिने केंद्रात बसून, स्वतः टाइप करून लिहिला. यंत्राच्या उत्साहात बाईची सुरक्षितता मागे पडता कामा नये.

शेवटचं. हे सगळं फुकट आहे असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. परवान्याचे पैसे लागत नाहीत; वेळ लागतो. तो वेळ मला रात्री दहानंतर मिळत होता, भांडी आवरल्यावर. हे काम एकटीने उरकायचं ठरलं तर ते आपल्या डोक्यावरचं आणखी एक घरकाम होईल. केरळच्या सरकारी शाळांचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, ते एकेकट्या शिक्षिकेच्या जिवावर नव्हे. तिथे प्रशिक्षण आहे, मदतीला माणसं आहेत. आपणही गटाने शिकू या.

जेवणानंतर शेजारच्या खोलीत तीन जुने कॉम्प्युटर मांडले आहेत, पाच पेन ड्राइव्ह आहेत, एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. डिस्क पुसायच्या पर्यायाला आज कुणीही हात लावणार नाही. प्रत्येकीने वही आणायची आणि पहिल्या पानावर पहिला प्रश्न लिहायचा: घरात हे यंत्र कोण कोण वापरतं? उत्तर इथे बसून लिहू नका. घरी जाऊन, प्रत्येकीला विचारून लिहा.